आधी शून्य दाखवा

आमच्या थोरल्या भावोजींच्या मते या जगात दोनच तऱ्हेची मापं आहेत: त्यांनी स्वतः तपासलेली आणि चुकीची. यात घड्याळं आली, तराजू आले, दूधवाल्याचं भांडं आलं, हवामान खातं आलं, आणि लग्न जमवताना सांगतात ती मुलीची उंचीही आली. मी बेळगावहून या घरात धाकटी सून म्हणून यायची होते तेव्हा माझ्या वडिलांनी हौसेनं माझी उंची पाच फूट तीन इंच कळवली होती. बघायला आलेली मंडळी पोहे खात असताना माझे हे होणारे दीर माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या दाराच्या चौकटीकडे बघत होते. निघताना त्यांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की माहितीत दोन इंचांची चूक आहे, पण ती मान्य मर्यादेत बसते. नवरी म्हणून माझं जे काही कौतुक झालं ते एवढंच. पुढे कळलं की त्यांच्या तोंडून इतकं चांगलं सर्टिफिकेट दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही, तेव्हा कुठे राग गेला.

आमचं गाव बेंगळूरलगतचं येलहंका, आणि सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. आमचं सासरचं घराणं मराठी लष्कराच्या मागोमाग चारशे वर्षांपूर्वी बेंगळूरकडे आलं असं घरातले सगळे अभिमानानं सांगतात, आणि भावोजी तिथल्या तिथे दुरुस्त करतात की चारशे हा आकडा कुणी मोजलेला नाही, साडेतीनशेच्या पुढे कितीही असू शकतो. घरात आम्ही मराठी बोलतो, पण त्यात थोड्याला ‘स्वल्प’ आणि ठीकला ‘सरी’ असे कन्नड शब्द इतके मिसळलेत की बेळगावची असूनही पहिल्या महिन्यात मी चाचपडत होते. सासूबाई ‘स्वल्प मीठ घाल’ म्हणायच्या आणि मी मुकाट्यानं चिमूटभर घालायची. भावोजी ताटावरून विचारायचे, स्वल्प म्हणजे किती ग्रॅम?

त्यांचा तरी काय दोष म्हणा. उभी हयात त्यांनी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात काढली. तिथे प्रेशर गेज बनत, म्हणजे बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर, गॅसच्या सिलिंडरवर दाब दाखवणारी ती गोल तबकडी असते ती. भावोजी तिथे तपासणी खात्याचे प्रमुख होते. शंभर माणसांनी मिळून जो काटा बनवायचा तो खोटा ठरवायचा, याचा त्यांना पगार मिळे. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “आधी शून्य दाखवा.” गेज कशालाही जोडलेलं नसताना काटा शून्यावर उभा राहतो की नाही ते बघायचं. जो शून्यालाच खोटं बोलतो त्याला पुढचे आकडे कशाला विचारायचे, असा त्यांचा साधा हिशोब. बाहेरून तपासणीस यायच्या आदल्या दिवशी कामगार कुठे वजन हलकं ठेव, कुठे काट्याला हळूच टिचकी मार, असले उद्योग करत, आणि भावोजी ते पकडून त्यांची अशी काही खरडपट्टी काढत की ती पलीकडच्या शेडमधेही ऐकू जाई. काट्याला मदत करणं हे त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट होतं.

निवृत्त झाल्यावर हा सगळा तपास घरावर आणि गावावर कोसळला. इतर माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, भावोजी टायरचं गेज ठेवतात. त्यांची स्कूटर पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर दिसली की हवा भरणारा जेवायला जातो, मग सकाळचे नऊ का वाजलेले असेनात. भाजीवाली त्यांना बघताच तराजूला हात न लावता मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकते आणि हात जोडते, तर हे तिला सांगणार की न मोजलेली वस्तू आपण घेत नाही. एकदा कुकरची शिट्टी मान्य दाबाला वाजते की नाही ते बघायला त्यांनी कुकरचं झाकणच पुढच्या खोलीत नेऊन कारखान्यातून आणलेल्या, दाब तपासायच्या वजनांच्या यंत्रावर चढवलं, आणि अक्कांनी दिवसभर डाळ उघड्या पातेल्यात शिजवली. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. आमच्याकडे मोठ्या बायकांना अक्का म्हणायची कानडी रीत आहे, आणि जाऊबाई म्हणण्याइतक्या त्या कधी परक्या वाटल्याही नाहीत. त्यांच्या सहनशक्तीला कुठलं गेज लावायचं ते भावोजींना अजून ठरवता आलेलं नाही. माझी मुलगी लहान असताना तापानं फणफणली होती. मी थर्मामीटर मागितला तर भावोजी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि वितळत्या बर्फाच्या पेल्यात बुडवून उभे राहिले, शून्य बघायला. साध्या थर्मामीटरवर शून्य नसतंच हे लक्षात आल्यावर कारखान्यातला आणायला कुणाला तरी पाठवलं. तोवर मी औषध पाजून ताप उतरवला होता. त्यांनी दोन्ही थर्मामीटर लावून बघितले आणि समाधानानं म्हणाले की यंत्रं बरोबर आहेत, मुलगीच बदलली.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत असू, कारण त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. डोळ्यांचं प्रकरण निघालं तेव्हा मात्र माझं हसू आटलं.

आमच्या घरात डोळ्यांचा विषय कधी निघत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, फक्त नाकासमोरचं दिसत होतं, तेही अगदी थोडं. भिंतीला हात लावत ते ओसरीवर येत, कुणी बाजूनं आलं तर दचकत. वय झालं, दुसरं काय, असं सगळे म्हणत. न्हाणीघरापर्यंत त्यांना हाताला धरून नेण्याचं काम भावोजींचं होतं आणि ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. मामंजी गेल्यावर त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

तर मागे एकदा भावोजींना बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून चष्म्याचा नंबर काढायला त्यांना आम्ही विमानतळाच्या रस्त्यावरच्या एका नव्या, झकपक डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दवाखाना कसला, हॉटेलच म्हणा. दारात टोकन, आत कॉफीचं मशीन, आणि अजून डॉक्टरचं तोंडही बघितलं नाही तोवर समोरची मुलगी फोन पुढे करून विचारते की आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. भावोजींनी विचारलं, तारा हे कशाचं माप आहे? ती बिचारी हसली. मग त्यांना एका यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, आणि यंत्रानं डोळ्यावर फुस्सकन हवा मारली. भावोजी खुर्चीसकट मागे सरकले. हा डोळ्याच्या आतला दाब मोजायचा प्रकार आहे हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. डोळ्यालाही दाब असतो, आणि तो मोजतात! जन्मभर दाब मोजला आणि स्वतःच्या दोन डोळ्यांत तो आहे हे कुणी सांगितलंच नाही, म्हणाले. मग अर्थातच त्यांनी त्या मुलीला यंत्राचं शून्य दाखवायला सांगितलं. मशीन ऑटोमॅटिक आहे, असं ती हिंदीत म्हणाली. भावोजींच्या कोशात ऑटोमॅटिकइतकी घाण शिवी नाही.

तरुण डॉक्टर चांगला होता, त्यानं नीट समजावलं. एकवीसपर्यंत दाब असला तर साधारणपणे ठीक मानतात, यांचा बराच वर आहे. डोळ्याच्या मागच्या नसेलाही थोडी झीज दिसते, म्हणजे बहुतेक काचबिंदूची सुरुवात असावी. घरात कुणाला होता का? अक्का माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी भावोजींकडे. भावोजी छताकडे बघत होते. डॉक्टर म्हणाला, यात दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर जात जाते आणि गेलेली परत येत नाही. उरलेली मात्र राखता येते, रोज रात्री एक थेंब घालायचा, बस. एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस थेंबांची बाटली घेऊन घरी आला असता. भावोजीही बाटली घेऊन आले, फ्रिजच्या दारात ठेवली, आणि यंत्राच्या मागे लागले.

त्या दिवसापासून आमच्या घरात डोळ्याच्या दाबावर जे संशोधन सुरू झालं ते बघून एखाद्या प्रोफेसरनं नोकरी सोडली असती. हवेवाल्या यंत्राला त्यांनी बादच केलं, कारण माणूस दचकला की आकडा हलतो. मग जयनगरात जाऊन ते दुसऱ्या तऱ्हेच्या यंत्रावर बसून आले. तिथे डोळ्यात पिवळा रंग घालतात, निळा उजेड पाडतात, आणि एक बारीक नळकांडं डोळ्याला टेकवून तो किती जोर लावल्यावर सपाट होतो ते बघतात. हे यंत्र त्यांना पटलं, कारण त्यात स्प्रिंग होती. पण तिथल्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं की हे गणित बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची, जाडी सरासरी धरून केलेलं असतं. झालं. भावोजी घरी आले ते सरासरी माणसाला शिव्या देतच. हा सरासरी इसम राहतो कुठे, त्याचे डोळे कुणी बघितलेत, आणि त्याच्यासाठी मी का म्हणून थेंब घालायचा? कॉर्निया जाड असला तर यंत्र उगाच जास्त आकडा दाखवतं हेही त्यांनी तिथेच काढून घेतलं होतं. मग त्यांनी जाहीर केलं की आपला कॉर्निया जाडच असणार, आमच्या घराण्यात सगळंच जाड आहे. अक्का विळीवर बीन्स चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “होय की, डोक्यापासून.”

मग आणखी माहिती जमली. शर्टाची वरची गुंडी घट्ट असली तर दाब वाढतो. श्वास रोखला तर वाढतो. भराभर पाणी प्यायलं तर वाढतो, कॉफीनंही थोडा वाढतो म्हणतात, आणि पुष्कळांचा सकाळी जास्त नि दुपारी कमी असतो. यातलं एकही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. नुसता वेडेपणा असता तर मी दोन शब्दांत उडवून लावला असता, बेळगावची जीभ आहे माझी. पण भावोजी जे बोलत ते डॉक्टरही मान्य करत. फक्त डॉक्टर म्हणत की चूक थोडी इकडे होईल किंवा थोडी तिकडे होईल, आणि भावोजींच्या हिशोबात ती दर वेळी खालच्याच बाजूला जाई. प्रत्येक कारणासाठी ते आकड्यातून थोडं वजा करत. गुंडीचे इतके, दचकण्याचे इतके, कॉफीचे इतके, जाडीचे इतके. वजा करत करत ते अशा ठिकाणी पोचले की डोळ्यात दाब उरलाच नव्हता म्हटलं तरी चाललं असतं.

तिसऱ्या तपासणीला ते असे निघाले जसा कुणी मुंजीला निघतो. सकाळपासून कॉफी नाही, म्हणजे बघा, बेंगळूरचा जन्मलेला माणूस. पाणी घोट घोट. गुंड्या दोन उघड्या. वेळ मागून घेतलेली भर दुपारची. बाहेर बाकावर डोळे मिटून, श्वास संथ सोडत, खांदे सैल टाकून बसले, एखादा योगी वाटावा. आणि आकडा खरंच पहिल्यापेक्षा कमी आला. इतका कमी नव्हे की डॉक्टरांनी थेंब नको म्हणावं, पण भावोजींना विजय साजरा करण्यापुरता कमी. घरी येऊन त्यांनी आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळी कृती रंगवून सांगितली. मी ऐकत उभी होते. हेच तर ते पीण्यातले कामगार करत होते, तपासणीच्या आदल्या दिवशी! काट्याला हळूच टिचकी. त्या लोकांची ज्यांनी उभ्या जन्मात गय केली नाही ते आता स्वतःच्याच डोळ्यापुढे गुंडी सोडून बसले होते. माझ्या तोंडावर आलं होतं, पण अक्कांनी डोळ्यांनी दटावलं म्हणून गप्प बसले.

थेंबांबद्दल तर विचारूच नका. थेंब हे माप होऊ शकतं का, हा त्यांचा प्रश्न. बाटली किती दाबली, किती तिरकी धरली, त्यावर थेंब लहान-मोठा होतो. मग डोस कसला? त्यांनी सोनाराकडचा लहान काटा आणून त्यावर थेंब पाडून बघितले आणि दोन थेंब सारखे नाहीत हे सिद्ध केलं. औषधाची अर्धी बाटली अशी काट्यावर गेली, डोळ्यात एकही नाही. अक्का रोज रात्री फ्रिज उघडून ती बाटली बघत आणि बंद करत. त्या मला एकदाच बोलल्या, कपडे वाळत घालताना. म्हणाल्या, मामंजींचं मी बघितलंय, ह्यांचं बघायचं मला बळ नाही गं. मी त्यांच्या हातातलं धोतर घेतलं आणि काहीतरी वेडगळ धीर दिला. मलाच धीर नव्हता.

कारण मला दिसायला लागलं होतं. भावोजी डाव्या बाजूच्या खांबाला खांदा घासत आणि खांब कुणी हलवला म्हणून विचारत. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची आणि चटणी वाढली नाही म्हणून तक्रार यायची. मग एका रविवारी आम्ही सगळे देवनहळ्ळीला एका नातेवाइकाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो. तिकडे शेतं जाऊन नुसते प्लॉट पडलेत, रस्ते रुंद आणि वाहनं सुसाट. रस्ता ओलांडताना भावोजी नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे, अक्का चार पावलं मागे. डावीकडून एक मोटारसायकल आली. आम्हा सगळ्यांना दिसली, लांबून दिसली. भावोजी सरळ तिच्या पुढ्यात चालत गेले. त्या माणसानं कशीबशी गाडी वळवली, त्यांच्या सदऱ्याला आरसा घासून गेला. भावोजी थांबले, म्हणाले, याच्या हॉर्नचा आवाज नियमापेक्षा कमी आहे. अक्का तिथेच रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मी त्यांना हाताला धरून कडेला आणलं. रागानं मला रडू येत होतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, त्याला पटेल असं यंत्र शोधायला हवं. येलहंक्याच्या जुन्या भागात एक म्हाताऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई अजून दोन तास बसतात. कानडी बोलतात, शांत आहेत. मी त्यांना जाऊन सगळं रामायण सांगितलं आणि विचारलं, तुमच्याकडे असं काही आहे का ज्याचं शून्य दाखवता येईल? बाई स्वल्प हसल्या, कपाटातून एक मखमलीची लहान पेटी काढली. आत त्यांच्या शिकण्याच्या काळातलं यंत्र होतं. आता कुणी वापरत नाही म्हणाल्या, आणि हे नव्या यंत्रांपेक्षा जास्त चुकतं, हेही मोकळेपणी सांगितलं. पण त्याला वजनं होती, काटा होता, आणि एक पोलादी गोटी होती.

भावोजी आले ते लढाईच्या तयारीनं. बाईंनी पेटी उघडली आणि त्यांची तलवार म्यानात गेली. रोग्याला आडवं निजवायचं, डोळा बधिर करायचं औषध घालायचं, आणि यंत्राची वाटीसारखी बैठक डोळ्यावर ठेवायची. तिच्यातून एक बारीक दट्ट्या खाली येतो, वर साडेपाच ग्रॅमचं वजन, आणि बाजूला काटा. बाईंनी न सांगताच ते आधी पोलादी गोटीवर ठेवलं. काटा शून्यावर उभा राहिला. अहो, त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता. इतक्या दवाखान्यांत कुणी दाखवलं नाही ते शून्य या म्हातारीनं न मागता दाखवलं. त्यांनी ते वजन तळहातावर घेऊन तोललं, बरोबर आहे म्हणाले, आणि नवऱ्या मुलासारखे पलंगावर चढले. स्वतःचा काटा स्वतःला वाचता येत नाही, म्हणून वाचायचं काम मला दिलं. काट्याच्या अगदी समोर ये, तिरकं बघितलं तर आकडा चुकतो, अंदाजानं सांगू नको, अशा सूचना आडव्यानं चालू होत्या. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

बाईंनी यंत्र डाव्या डोळ्यावर टेकवलं. काटा थोडासा सरकला आणि थांबला. मी अगदी समोरून बघितलं आणि सांगितलं, दोन.

“दोन?” भावोजी छताकडे बघत हसले. “ऐकलंस का गं तिकडे? एकवीसपर्यंत चालतो म्हणत होते. दोन!”

बाईंनी यंत्र उचललं, पुसलं. अक्कांच्या चेहऱ्यावर एकदम इतका आनंद आला की मीही हसले, मला काय कळतं त्यातलं. भावोजी विजयानं उजवा डोळाही मोजा म्हणाले. आणि मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या यंत्रावर मनापासून विश्वास टाकला होता, आणि त्या भरात काटा कुठल्या बाजूनं बोलतो हे विचारायचं राहून गेलं होतं. ते आता त्यांच्या लक्षात येत होतं, आणि ते येताना मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी हवेत दोन बोटांनी दट्ट्या धरल्यासारखं केलं, खाली दाबून बघितलं.

“बाई, हा काटा दट्ट्या किती आत गेला ते दाखवतो ना?” त्यांनी कानडीत विचारलं.

बाई हो म्हणाल्या.

“म्हणजे पोलादात जातच नाही, म्हणून तिथे शून्य.” त्यांनी हवेतली बोटं पुन्हा खाली दाबली. “म्हणजे डोळा जितका कडक, तितका काटा कमी हलणार. दोन म्हणजे कमी नव्हे. दोन म्हणजे फार.”

बाईंनी पेटीच्या झाकणातला तक्ता बघून सांगितलं की तिशीच्या जवळ. मग त्या हळूच म्हणाल्या की या यंत्राचंही खरं धरू नका, उद्या नव्या यंत्रावर बघू, कॉर्नियाची जाडीही मोजू. भावोजींनी मान हलवली. वाद घातला नाही, गुंडी सोडली नाही. त्यांना कुणी हरवलं नव्हतं, त्यांचा त्यांनीच निकाल लावला होता. अक्कांना कानडी येत होती, त्यांना सगळं कळलं होतं. त्या उठून पलंगाजवळ गेल्या आणि त्यांच्या पायावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जाडी मोजली तर कॉर्निया पातळ निघाला. घराण्यातली एकुलती एक पातळ गोष्ट. पातळ असला की यंत्र आहे त्यापेक्षा कमी दाब दाखवतं, म्हणजे इतके दिवस वजाबाकी चालली होती तिथे बेरीज करायला हवी होती. भावोजींनी ते ऐकून फक्त ‘सरी’ म्हटलं. नजरेचा घेरही मोजला. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं होतं, उजव्याचं पुष्कळ शाबूत होतं. घरी परत येताना रिक्षात अक्का पलीकडे बसल्या होत्या आणि मी मधे. भावोजी बाहेर बघत होते, मला वाटलं त्यांचा डोळा लागला. तेवढ्यात ते माझ्याकडे न वळता म्हणाले, “सुमन, बाबांना न्हाणीघरापर्यंत मी नेत होतो. मला कोण नेणार, तेवढं मला मोजायचं नव्हतं.”

मी या माणसाला किती वर्षं हसत आले. मला वाटायचं त्यांचा यंत्रांवर विश्वास नाही. यंत्रांचं नुसतं निमित्त होतं, ते घाबरले होते, पहिल्या दिवसापासून घाबरले होते, आणि घाबरलो म्हणायची त्यांच्याकडे भाषा नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. थोरल्या दिरांच्या हाताला मी तोवर कधी हात लावला नव्हता.

आता रोज रात्री अक्का थेंब घालतात. भावोजींना नेम जमत नाही, थेंब गालावर जातो. ते आडवे होतात, डोळा उघडा धरतात, आणि थेंब मोठा पडला की लहान पडला हे विचारत नाहीत. दाब उतरलाय, बाई म्हणतात उरलेलं टिकेल. बाकी स्वभाव जाग्यावर आहे. परवाच बाईंच्या नव्या यंत्राची तपासणी कधी झाली होती ते त्यांनी विचारलं आणि बाईंनी शांतपणे सांगितलं. पण संध्याकाळी तळ्यावर फिरायला जातात तेव्हा एक वेगळं दिसतं. आमच्या घरात नवऱ्यानं पुढे आणि बायकोनं चार पावलं मागे चालायची रीत, भावोजी तर त्यातही सगळ्यांत पुढे. आता ते थांबतात, अक्कांना डाव्या हाताला घेतात आणि मग चालायला लागतात. का ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि अक्कांनी विचारलेलं नाही. परवा मी त्यांच्या मागून येत होते. अक्का शेंगा घ्यायला क्षणभर मागे राहिल्या, तर भावोजी चालता चालता थांबले. मान वळवली नाही. वळवून दिसलं असतं, पण वळवली नाही.

“आहेस ना गं?” म्हणाले.

“आहे की,” अक्का म्हणाल्या, आणि भराभर येऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या.